फाट्यावरची दुसरी चूल

गये, हॉटेल बंद पडलं नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे तू जिथं कुठं असशील तिथं तुझा जीव भांड्यात पडेल. तू गेलीस त्या दिवशीसुद्धा फाट्यावर चहा मिळाला, भाकरी मिळाली, आणि आलेलं एकही माणूस उपाशी पुढं गेलं नाही.

आता बाकीचं सावकाश सांगते. मी सध्या उस्मानपुऱ्यात लेकीकडे आहे. तुझं तेरावं झालं आणि तिनं मला जवळजवळ उचलूनच आणलं. म्हणाली, आई, थोडे दिवस नुसती बसून राहा. नुसतं बसायचं कसं असतं ते मला कुठं ठाऊक आहे? म्हणून लिहायला घेतलं. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा लिहिते तसं मोठ्यानं म्हणतेही आहे. लेक स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. तिला वाटतंय, आईचं काहीतरी बिघडलं.

बिघडलेलं काही नाही. खरं सांगायचं तर मला हलकं वाटतंय. मैत्रीण गेल्यावर बाईनं असं म्हणू नये, हे कळतं मला. पण तुझ्यापाशी कधी चांगलं दिसावं म्हणून बोलले नाही, ते आता कशाला बोलू?

एक तर तुझे हाल झाले नाहीत. दिवाळीपासून तुला धाप लागत होती. शहरातल्या डॉक्टरनं नळ्या, मशिन, पलंग असं बरंच काही सांगितलं, आणि तू खाटेवर बसल्या बसल्या म्हणालीस, "मला त्या काचंच्या खोलीत मारू नका रं." तुझा सुदाम मान खाली घालून ऐकत होता. तेव्हापासून मला एकच भीती होती, की शेवटच्या घटकेला सगळे घाबरतील, गाडी बोलावतील, आणि तू कुठल्यातरी अनोळखी छताकडे बघत जाशील. तसं झालं नाही. सकाळी चहा घेतलास, साखर कमी म्हणून सुनेला बोललीस, लिंबाखाली मेथी निवडायला बसलीस. "जरा पडते गं," म्हणालीस आणि आडवी झालीस. मी पलीकडे पीठ मळत होते. हाक मारली तर ओ नाही. जुडी अर्धी निवडलेली आणि तुझा हात तिच्यावरच. असं मरण मागून मिळत नाही, गये. मी आधी रडले नाही. आधी सुटल्यासारखा श्वास घेतला.

मी इकडे यायच्या आधी, तुझ्या सुतकाच्या दिवसांतच, एक प्राध्यापक फाट्यावर आले होते. जुन्या लढायांच्या जागांवर काहीतरी लिहिताहेत. चहा घेता घेता विचारलं, "हे हॉटेल किती जुनं?" तुझं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, "लढाईपासनं हाय." ते मी गिळलं. कारण ते खरं नाही, आणि त्यावरून आपण जन्मभर भांडलो.

लढाई असईची. खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या रानात इंग्रजांची फौज आणि आपल्या शिंदे-भोसल्यांची फौज एकमेकांना भिडली, त्याला दोनशेच्या वर वर्षं झाली. आता तिथं कपाशी आहे, मका आहे. नांगरताना अजून एखादी शिशाची गोळी वर येते आणि शेतकरी ती बांधावर टाकून पुढं जातो. जखमींना अजिंठ्याला नेलं म्हणतात, आणि आपला फाटा त्याच वाटेवर. तेवढ्या एका गोष्टीवर तू सगळा इतिहास उभा केलास. येणाऱ्या प्रत्येकाला विहीर दाखवायचीस आणि सांगायचीस, "साहेबाचा घोडा हितंच पाणी प्यायला." मी एकदा गिऱ्हाइकासमोरच म्हणाले, "अगं, विहीर तुझ्या सासऱ्यानं खणली."

"विहीर नवी असंल," तू म्हणालीस, "पाणी तर जुनंच हाय का न्हाय?"

गिऱ्हाईक हसलं, त्यानं विहिरीचा फोटो काढला, आणि मी हरले.

प्राध्यापकांना मी खरा इतिहास सांगितला. तुझा सासरा मेंढरं घेऊन फिरायचा. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवायला बोलवायचे, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना मुक्काम पडायचा तो या लिंबाखाली. म्हाताऱ्यानं तीन दगड मांडले आणि इतर धनगरांना चहा विकायला सुरुवात केली. मग रस्त्याचं काम निघालं, मजूर आले, दगडांच्या जागी चूल आली, चुलीवर पत्रे आले. मग कुणी कुणी लढाईची जागा बघायला येऊ लागलं. त्यांना चहाबरोबर जेवण लागलं, आणि जेवल्यावर पाठ टेकायला जागा. तुझ्या मालकांच्या मागं लागून दोन खोल्या तू बांधून घेतल्यास. पेंटरनं पाटीवर 'हॉटेल' एवढं मोठं लिहिलं की नावाला जागाच उरली नाही. हे सगळं प्राध्यापकांनी लिहून घेतलं. जाताना म्हणाले, ती विहीर बघायची होती. तिथं मात्र, काय करणार, मी त्यांना घोड्याचं सांगितलं.

मी फाट्यावर आले ती त्याच रस्त्याच्या कामावर, नवऱ्याबरोबर खडी फोडायला. चहा प्यायचे तो लांब उभं राहून, आपापला पेला घेऊन. तुझ्या सासऱ्यापुढं दुसरं काही चालत नव्हतं. आम्ही धम्म घेतलेली माणसं. ते लांब उभं राहणं अंगाला चावायचं. पण तहान लागायची त्याचं काय करणार? एक दिवस तू बाहेर आलीस, उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. तव्यावर भाजला होता. दारात जीप उभी, तीत गोरी माणसं.

"ए, तुला भाकर येती का?"

"येती की."

"जाड का पातळ?"

"मागशील तशी."

"मग चल आत. ह्यायला भूक लागलीय अन् माझा हात गेलाय कामातनं."

"आत?" मी विचारलं.

"मग काय भायेरनं थापतीस?"

तुझा सासरा बाजाराला गेला होता. संध्याकाळी त्याला कळलं तोवर भाकरी पोटात गेल्या होत्या. गोऱ्यांच्याही आणि त्याच्याही, कारण उरलेल्यातली एक तू आधी त्याला वाढलीस आणि मग सांगितलंस. म्हातारा बरेच दिवस तुझ्याशी बोलला नाही. मग एका सकाळी चुलीकडे बघत म्हणाला, "ती भाकरवाली आज येणार न्हाय का?" तुझ्या कामाची रीतच ती. आधी करून मोकळी व्हायचीस, सांगायचं ते नंतर. कधीकधी सांगायचीसच नाहीस.

त्या जीपमधली म्हातारी तुला शेवटपर्यंत आठवायची. तिच्या कुणा पणजोबाचा पणजोबा असईला पडला होता. कपाशीत छत्री घेऊन उभी राहिली आणि रडायला लागली. तिला आपली भाषा येत नाही, तुला तिची नाही, आणि तू पण तिच्या शेजारी उभी राहून रडलीस. परत येताना मात्र तुझा पारा चढला. "तिचा एक मेला म्हणून इतक्या लांबनं आली बाई. आपलं किती मेलं! त्यायचं नाव तरी कोण घेतंय?" त्या दिवसापासून संध्याकाळची पहिली भाकरी तू बाजूला काढायला लागलीस, लढाईत पडलेल्यांची म्हणून.

मी म्हणाले, "मेलेले जेवत नाहीत. जित्या माणसाला दे."

"तुमच्यात जेवत नसतील," तू म्हणालीस.

त्यावरून किती भांडलो! शेवटी भांडण आपोआप चालीला लागलं. ती भाकरी टोपल्यात राहायची, आणि खिसा रिकामा असलेलं कुणी ना कुणी दिवस मावळता यायचंच. त्याला ती मिळायची. तू म्हणायचीस, "पोचली त्यायला." मी म्हणायचे, "याला मिळाली." कोण बरोबर ते ठरलं नाही. ठरवायची घाईही नव्हती.

असं एका चुलीपुढं आपलं आयुष्य चाललं होतं. तू कालवणाला, मी भाकरीला. मग तुझे मालक गेले.

तुमच्यात घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस सुतक. घरच्या चुलीवर परक्यासाठी काही शिजवायचं नाही, आणि शिजवलं तरी परकं कुणी ते खात नाही. आमच्याकडून ते सगळं कधीच सुटलं. पण तुमचं घर आणि हॉटेल यांची चूल एकच, म्हणून हॉटेल बंद. ते मला समजत होतं. तर त्याच दिवसांत भर दुपारी एका वऱ्हाडाचा टेम्पो फाट्यावर बंद पडला. बाया, म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं. पत्रे तडतडतील असलं ऊन आणि आसपास दुसरं काही नाही. मी पदर खोचला आणि म्हणाले, "मी पेटवते. मला कुठं सुतक आहे?"

तुझे थोरले दीर, तात्या, ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "चूल आमच्या घरची हाय. सुतकात पेटायची न्हाय. अन् पेटायचीच झाली तर हिच्या हातनं?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू भिंतीला टेकून गुडघ्यांत मान घालून बसली होतीस. मान वर केली नाहीस. नवरा जाऊन पुरता आठवडा झाला नव्हता, तुझ्याकडून काय अपेक्षा करायची, असं मी मनाला सांगितलं. मनानं ते ऐकलं नाही. लेकरं विहिरीचं पाणी पिऊन टेम्पोच्या सावलीत झोपली. एक लेकरू मात्र झोपेना. त्याचं रडणं तूही ऐकत होतीस.

त्या दुपारबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. पण वर्ष पालटलं आणि एका सकाळी मी आले तर तू अंगणाच्या पार पलीकडे, रस्त्याच्या कडेला, नवी चूल घालत होतीस. कोपरापर्यंत चिखल. वर चार बल्ल्या उभ्या करून पत्रे टाकलेले. घरापासून अगदी तोडलेली जागा. चूल वाळली, आणि मग गिऱ्हाइकं होती, आसपासच्या रानातली माणसं होती, तात्या होते, त्या सगळ्यांसमोर तू मोठ्यानं म्हणालीस, "ही कांताची चूल. हिला माझा हात लागायचा न्हाय. माझ्या घरच्या कुणाचाबी लागायचा न्हाय."

तात्या म्हणाले, "चला, शहाणी झालीस."

मला काय वाटलं असेल, गये? म्हातारा सासरा जाऊन इतकी वर्षं झाली, निम्मा तालुका माझ्या हातची भाकरी खाऊन गेला, आणि आता तू मला पुन्हा अंगणाच्या पलीकडे उभी केलीस. मी तशीच मागं फिरले आणि घर गाठलं. पुष्कळ दिवस आले नाही. शेवटी तू जीपमधून उतरून माझ्या दारात उभी राहिलीस.

"गिऱ्हाईक माझ्या हातची भाकर खायलंय. त्याचे हाल बघवंनात. चल."

"माझी चूल वेगळी का केलीस ते सांग."

"केली. चल आता."

एवढंच. मी आले, कारण लेक शाळेत होती आणि नवऱ्याची पाठ कामातून गेलेली. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं, की तुझ्यासाठी येत नाहीये.

तुझं ते पाळणं तरी केवढं कडक! माझं पीठ वेगळं, माझा माठ वेगळा, सरपण वेगळं. पावसात तुझ्या काड्या ओल्या होऊन चूल पेटत नसली तरी माझ्या चुलीतला निखारा तू कधी नेला नाहीस. तुझी सून मनीषा लग्न होऊन आली तेव्हा बिचारी न कळता माझ्या माठात तांब्या बुडवायला गेली आणि तू तिच्या हातावर चापट मारलीस. मी बघत होते. बाकी सगळं नेहमीसारखं चालू होतं. आपण विहिरीवरून भांडत होतो, माझ्या लेकीच्या लग्नात तू कंबर दुखेपर्यंत नाचलीस, माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर रोज संध्याकाळी येऊन बसलीस. पण चपलेत खडा राहावा तसं ते मला टोचत राहिलं, चालताना जास्त, बसल्यावर कमी.

या हिवाळ्यात तुझी पाठ चोळताना एकदा विचारलंच. "गये, खरं सांग. माझा विटाळ होत होता का तुला?"

तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस, खुळ्याकडे बघावं तसं, आणि हसायला लागलीस. इतकी हसलीस की धाप लागली. मी घाबरून पाठ चोळत बसले आणि उत्तर राहून गेलं.

आता तू गेलीस तो दिवस. बघता बघता फाटा माणसांनी भरला. तात्या काठी टेकत आले आणि आल्या आल्या त्यांनी घरची चूल विझवायला लावली. खोलीत दोन मुक्कामी होते. अजिंठ्याची लेणी बघून असईकडे निघालेल्या म्हाताऱ्या माणसांची जीप जेवायला यायची होती. रोजचे ट्रकवाले होतेच. तात्या म्हणाले, "फाट्यावर साखळी लावा. तेरा दिस बंद."

मला त्या क्षणी दिसलं की हे तेरा दिवसांचं नाही. सुदाम वाळूजला कंपनीत. पुढं हमरस्त्याला मोठमोठे ढाबे झालेले. गावात कधीपासून बोलणं चालू होतं, की म्हातारी आहे तोवर हॉटेल आहे. एकदा साखळी लागली की ती पुन्हा कोण काढणार होतं? जागा तुमची. माझं तिथं काय होतं? पिठाचे डबे आणि तवा. ते संध्याकाळपर्यंत गोळा करावेत, एवढंच माझ्या मनात आलं. तू समोर पडलेली आणि मी डब्यांचा विचार करत होते.

तेवढ्यात मनीषा पुढं आली. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले.

"तात्या, घरची चूल इझवली म्या. पर ती पलीकडची आपली न्हाय."

"आपली न्हाय तर कुणाची?"

"कांतामावशीची. आत्यांनी समद्यांदेखत सांगितलं व्हतं, तुमीबी हुता म्हणं. इतक्या वर्षांत आमच्या घरच्या कुणी तिला हात लावला न्हाय. काडी दिली न्हाय, निखारा घेतला न्हाय. मग आमचं सुतक तिला कसं लागंल?"

वेगळी चूल तात्यांनाच तर आवडली होती.

"मी नवी हुते," मनीषा म्हणाली, आणि आता ती तात्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "माठापाशी आत्यांनी मला चापट मारली, तवा मी लई रडले. मग त्या मला मागं घेऊन गेल्या अन् म्हणाल्या, 'येडे, एक दिस मी मरंल. तुमी समदे सुतकात बसाल. तवा रस्त्यावरच्या माणसाला कोण घालंल? तिची चूल चोख राहू दे. आपला इटाळ तिला लावू नगंस.'"

आपला विटाळ. मी ते दोन शब्द किती वेळा मनात म्हटले असतील! इतकी वर्षं मी समजत होते की तू मला लांब ठेवलंस, आणि तू स्वतःला लांब ठेवत होतीस. निखारा नेला नाहीस, पाणी शिवू दिलं नाहीस, सगळं एका दिवसासाठी. तुझ्या मरणाच्या दिवसासाठी. टेम्पोजवळच्या त्या लेकराला तू विसरली नव्हतीस. तात्यांशी वाद घालणं तुला जमलं नसतं, तेव्हाही जमलं नाही. म्हणून तू त्यांचाच नियम घेतलास आणि त्याची चूल करून ठेवलीस.

वाळूजहून धावत आलेला सुदाम म्हणाला, "मावशी, बघायलीस काय? पेटव."

पेटवायची कुठं होती? ती पेटलेलीच होती. सकाळचं पीठ परातीत मळलेलं होतं. मी हात धुतले आणि तवा ठेवला.

गये, तोंड नव्हतं का गं तुला? सुनेला सांगितलंस, आणि मला नाही! एक वाक्य बोलली असतीस तर माझी इतकी वर्षं सोपी गेली असती. कदाचित तुला वाटलं असेल की मला सांगितलं तर मी चार जणांना सांगेन, तात्यांच्या कानावर जाईल, आणि सगळं मुसळ केरात. बरोबर आहे, मी सांगितलंच असतं. की सांगायला गेलीस तर त्या दुपारबद्दल बोलावं लागलं असतं, गुडघ्यांतली मान वर का केली नाहीस ते? तुला माफी मागता यायची नाही. गिऱ्हाइकाला शिळं वाढलं गेलं तरी त्याला जास्तीचं पिठलं द्यायचीस, पण चुकलं म्हणायची नाहीस. आता मला काहीही समजून घ्यायला मोकळीक आहे. मी असं समजते की तू हसलीस तेच उत्तर होतं. रागही येतो तुझा. पण रागाच्या खालून असं काही बरं वाटत राहतं, की लेक विचारते, आई, एकटीच हसतेस काय?

जीप आली, म्हातारी माणसं जेवली. तुझी तिरडी उठायच्या आधी ती रस्त्याच्या कडेला चपला काढून उभी राहिली. तू आयुष्यभर परक्यांच्या माणसांसाठी रडलीस, तुझ्यासाठी परकी माणसं उभी राहिली. मला बरं वाटलं.

आणि सुतकातल्या माणसांनाही कुणीतरी बाहेरचं खाऊ घालावं लागतंच की. भावकीतून डबे आले, पण भावकीचं गाव लांब, डबे उशिरा. मनीषानं सरळ माझ्या चुलीवरची ताटं ओसरीवर नेऊन ठेवली. तात्यांपुढंही ठेवलं. त्यांनी माझ्या हातचं कधी खाल्लेलं नव्हतं. फाट्यावर आले तरी तू केलेला चहा तेवढा घ्यायचे. बराच वेळ ताटाकडे बघत बसले. साखरेचा आजार, गोळी घेतलेली, पोटात काही नाही. मी मुद्दाम तिकडे पाठ केली. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "कालवणात मीठ कमी हाय."

"मिठाचा डबा समोर हाय, घ्या की," मी वळून न बघता म्हणाले. मीठ मी त्यांच्यासाठी एरवीही जास्त घातलं नसतं.

पण एक गोष्ट तू ठरवताना तुझ्या ध्यानात आली नसणार, गये. मला सुतक नाही, म्हणजे मी तुझी कुणी नाही. सगळ्या गावासमोर हेच तर ठरलं. बाया यायच्या, मनीषाच्या गळ्यात पडायच्या, सुदामच्या पाठीवरून हात फिरवायच्या. माझ्याकडे यायच्या आणि विचारायच्या, "भाकर हाय का गं शिल्लक?" मला कुणी जवळ घ्यायचं काही कारणच नव्हतं. ज्या बाईबरोबर मी नवऱ्यापेक्षा जास्त वर्षं काढली, तिच्या दुःखात बसायची मला जागा नव्हती. आणि बसले असते तर तव्यावरची भाकरी करपली असती. सकाळी सरपण, मग चहा, मग भाकरी, मग भांडी. तू मागं ठेवलेलं काम मी तेरा दिवस केलं. मला ते चोख करायचं होतं आणि मी ते केलं.

तेराव्याला सकाळी घर सारवलं, गोमूत्र शिंपडलं, आणि मनीषानं घरची चूल पेटवली. तिला धड पेटवता येईना. फुंकणीनं फुंकून फुंकून लाल झाली. मी उठायला लागले तर ओरडली, "मावशी, बसा! आज माझं हाय." सुदाम दुपारच्या गाडीनं वाळूजला परत निघाला. मी धीर करून विचारलं, "मग हॉटेलचं काय ठरवलंत?"

तो मनीषाकडे बघून हसला. मनीषा म्हणाली, "ठरवायचं काय त्यात? मी न्हाय जात वाळूजला. ह्ये येतील सुट्टीला. दोन चुली हायेत, दोघी हाव."

मग तिनं माझ्या कोपराला धरून मला उठवलं. माझ्या चुलीसमोरून उठवलं आणि हॉटेलात नेऊन बाकावर बसवलं, जिथं गिऱ्हाईक बसतं. इतक्या वर्षांत त्या बाकावर मी कधी बसले नव्हते. तिथून रस्ता वेगळा दिसतो. तिनं समोर ताट ठेवलं, घरच्या चुलीवरचं, तिच्या हातचं. स्वतः शेजारी बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हणाली, "आता मी बघते भायेरचं. तुमचं राह्यलंय ना समदं."

तेव्हा मी रडले, गये. बाहेर ट्रक उभे होते, माणसं चहा मागत होती, आणि मी गिऱ्हाइकांसमोर तोंड वासून रडले. कुणी गप्प बस म्हणालं नाही. रडून झाल्यावर सणकून भूक लागली. मी ताट ओढलं. भाकरी कडेला करपलेली होती आणि मध्ये कच्ची होती.

मनीषा तोंडाकडे बघत होती. "कशी झालीय, मावशी?"

"आण अजून एक," मी म्हणाले.